शब्दांखालचा व्हायोला

हिलरी तुस्कानोचा उजवा खांदा जानेवारीपासून संपावर होता. कमरेच्या उंचीपर्यंत हात मुकाट काम करायचा, त्याच्या वर न्यायचं म्हटलं की कुरकुर सुरू. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तो सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे नुसतं उभं राहून बोट दाखवायचं, असं वसईतल्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात माणूस कमी पडला की ओल्या चादरींचा गठ्ठा मशिनीतून ओढून काढायला सुपरवायझरच पुढे, आणि माणूस तर रोजच कमी पडायचा. डॉक्टरने दुखण्याचं नाव फ्रोझन शोल्डर असं सांगितलं. मस्कतच्या उन्हात इतकी वर्षं काढून आपलं काहीतरी गोठलं, याचं हिलरीला हसू आलं. पण हसतानाही खांदा हलतो, म्हणून त्याने ते आवरतं घेतलं.

जूनमध्ये तो कायमचा वसईला परत जाणार होता. वय साठीला टेकलेलं. हॉटेलला त्याचा व्हिसा पुढे वाढवायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तो वाढवून नको होता. बायको मेरी एकेक कपाट रिकामं करत सुटली होती. मुलगी कॅन्डिस मस्कतलाच जन्मलेली, इथेच कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला; तीही आईबापांबरोबर निघणार होती. हिलरी थकला होता. सकाळी उठताना अंगात तेवढाच असायचा असा तो थकवा होता, आणि आता त्याबद्दल तो कुणाजवळ बोलतही नसे. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती. आपण वाजवतोय आणि लोक गप्प बसून फक्त तेवढंच ऐकतायत, असं आयुष्यात एकदा तरी व्हावं.

यात कुणाला पोरकटपणा वाटेल, तर त्याने आधी हिलरीची हकिकत ऐकावी. हा माणूस ओमानमध्ये चादरी धुवायला आलेलाच नव्हता. तो आला तो व्हायोलिन वाजवायला. त्या काळी हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी तिघांचा वाद्यवृंद बसायचा आणि हिलरी त्यातला एक. समोर लोक चहा प्यायचे, केक कापायचे, धंद्याच्या गोष्टी करायचे. त्या कपबश्यांच्या खाली हिलरीचं व्हायोलिन. पुढे हॉटेलने छतात स्पीकर बसवले. मग बाकीचे दोघे गोव्याला परत गेले आणि मॅनेजरने मेहरबानी म्हणून हिलरीला लाँड्रीत घेतलं. लग्नांत वाजवायला जावं, तर तिथे लोक जेवत असतात. आपण वाजवतो ते कशाच्या तरी खाली वाजवतो, हे त्याला फार लवकर कळलं होतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, तेव्हा त्याने कधी तक्रार केली नाही.

आणि चर्च तर होतंच. वसईजवळच्या नंदाखालच्या चर्चमध्ये तो शाळेत असल्यापासून कॉयरमध्ये, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत, बसला. तिथल्या मास्तरांनी नोटेशन शिकवलं, बो म्हणजे गज कसा धरायचा ते शिकवलं, आणि त्याहून पक्कं एक शिकवलं: फादरांचे हात थांबेपर्यंत आपले हात थांबवायचे नाहीत. ऑफर्टरीला दानाची पिशवी फिरत असते, फादर वेदीवर हात धूत असतात, कम्युनियनचा प्रसाद घेणाऱ्यांची रांग संपता संपत नाही. तेवढा वेळ गाणं पुरलं नाही तर शेवटच्या दोन ओळी परत घ्यायच्या, परत घ्यायच्या, अगदी हळू, नजर वेदीवर ठेवून. मधे शांतता पडली तर ती कॉयरची बेअब्रू. कुणाच्या हातून तशी शांतता पडली, की मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर मास्तर त्याच्याशी बोलत नसत. मस्कतमध्ये शुक्रवारच्या मिस्साला रांग एवढी लांब असते, की हिलरीने एकेका गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी किती वेळा वाजवल्या असतील, देवाला माहीत.

मुआज नावाचा ओमानी गृहस्थ त्याला तिथेच भेटला. चर्चच्या आवारात नव्हे, बाहेरच्या पार्किंगमध्ये. मुआज कुणाला तरी सोडायला आला होता आणि हिलरीच्या हातातली व्हायोलिनची पेटी बघून त्याने गाडीची काच खाली केली. तो मिलिटरी बँडमधून निवृत्त झालेला, सनई जिची धाकटी बहीण शोभावी अशी क्लॅरिनेट वाजवणारा, घरी बलुची आणि बाहेर फक्कड हिंदी बोलणारा. त्याने हौशी लोकांचा एक छोटा ऑर्केस्ट्रा जमवला होता. त्यात दोन शाळामास्तरणी, एक दातांचा डॉक्टर, तेलकंपनीतले काही लोक. व्हायोला वाजवायला कुणी तयार नव्हतं. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, जाड्या आवाजाचा हा प्राणी. गर्दीत तो नसला तर चुकल्यासारखं वाटतं आणि असला तर कुणाच्या लक्षात येत नाही. हिलरी म्हणाला, मी वाजवतो. गर्दीत लक्षात न येण्याची त्याला सवयच होती.

या वर्षी मुआजने एक अजब गोष्ट आणली. तरुणपणी तो दोन वर्षं जर्मनीत शिकायला होता. तिथल्या एका ग्रंथालयात त्याला कुण्या वेंडलर नावाच्या माणसाचं नाटकासाठी रचलेलं संगीत सापडलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे अशी पद्धत होती, की नाटक चालू असताना मधेमधे ऑर्केस्ट्रा वाजायचा. पडदा बदलताना, वादळ येताना, नायिका बोलत असताना तिच्या बोलण्याखाली. नाटकाचं नाव ‘नावाड्याची लेक’. बाप वादळात सरोवरात बुडतो आणि मुलगी काठावर उभी राहून पाण्याशी बोलते, एवढीच गोष्ट. प्रयोग पडला, लोक शिट्ट्या मारून उठून गेले, लेखकाचं नाव पुढे कुणी घेतलं नाही. संगीत मात्र कपाटात पडून राहिलं.

“नाटक मर गया, म्युझिक बच गया,” मुआज म्हणाला. “हम सिर्फ म्युझिक बजाएँगे. बीच में कोई थोडी कहानी सुनाएगा, बस.”

हिलरीने आपला कागद बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. मुलगी पाण्याशी बोलते तिथे बाकी सगळा ऑर्केस्ट्रा गप्प, आणि एकटा व्हायोला. पानभरसुद्धा नाही, पण एकटा. मुआजने त्याच्या पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर. “हिलरीभाई, ये तुम्हारा है.”

त्या दिवसापासून हिलरी लाँड्रीतून घरी आला की गरम पाण्याची पिशवी खांद्यावर धरून बसायचा, मग उभा राहून तेवढं पान वाजवायचा. मेरी भांडी घासत असायची. ती थांबून ऐकायची नाही. तिची चूक नव्हती. लग्न झाल्यापासून घरात हे वाजतच होतं, पंखा वाजतो तसं.

गोष्ट सांगायला कोण, याचा शोध सुरू झाला, तेव्हा मुआजने चार-पाच जणांना वाचून बघायला बोलावलं. त्यात कॅन्डिस गेली. शाळेत तिने वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती, तिचं इंग्रजी स्वच्छ होतं, आणि आवाज आईचा, घट्ट. तिलाच निवडलं. घरी आनंदीआनंद झाला. हिलरीलाही खरंच आनंद झाला. तालमी सुरू झाल्यावर मात्र त्याला समजलं, की मुलगी पाण्याशी बोलते ते बोलणंही कॅन्डिसच वाचणार. म्हणजे आपला व्हायोला पुन्हा बोलण्याच्या खालीच. या वेळी पोटच्या पोरीच्या.

बाकीची गोष्ट तशी सुकीच होती. मग वादळ आलं, मग रात्र झाली, मग गावकरी मशाली घेऊन आले. त्यात जीव ओतण्यासारखं काही नव्हतं. जीव होता तो मुलगी पाण्याशी बोलते त्या चार ओळींत. कॅन्डिस बाथरूमचं दार लावून त्या ओळी म्हणायची, पुन्हा पुन्हा, कधी हळू, कधी भांडल्यासारखी. हिलरी बाहेर बसून ऐकायचा आणि त्याला कळायचं, की पोर चांगलं करतेय.

पण तालमीत दोघांचं जमेना. कॅन्डिस एक ओळ म्हणून थांबायची. चांगली नटी थांबते तशी, पाण्याकडून उत्तर यावं म्हणून. वेंडलरनेही तिथे व्हायोलाला गप्प ठेवलं होतं. पण ती गप्प झाली रे झाली, की हिलरीचा हात आपोआप मागच्या दोन ओळी परत घ्यायचा, अगदी हळू, नजर तिच्यावर. ती त्याचं संपायची वाट बघायची. तो तिचं सुरू व्हायची वाट बघायचा. असे दोघे एकमेकांना ‘पहले आप’ करत बसायचे आणि दातांचा डॉक्टर मागे हसायचा.

“पप्पा, मी तिथे पॉज घेते ना,” कॅन्डिस म्हणाली. “तू का वाजवत राहतो?”

“तू थांबलीस की मला वाटतं, विसरलीस.”

“मी विसरत नाही. ते सायलेन्सच हवं तिथे.”

“हिलरीभाई, यहाँ चुप,” मुआज म्हणाला. “कागज पे लिखा है, चुप.”

“हाथ रुकता नहीं, उस्ताद.”

पुढच्या तालमीत तेच, त्याच्या पुढच्या तालमीत तेच. तेव्हा मुआजने हातातली ताल द्यायची काठी खाली ठेवली आणि सगळ्यांना पाणी प्यायला सोडलं. कॅन्डिस मैत्रिणीबरोबर बाहेर गेली. हिलरी मुआजजवळ गेला. जाताना काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं की नव्हतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“उस्ताद,” तो म्हणाला, “बच्ची को यहाँ बोलने मत दो. वो चार लाईन निकाल दो. मैं अकेला बजाता हूँ. फिर गलती नहीं होगी.”

 मुआजने खांदे उडवले. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि त्याला भांडण नको होतं. “खलास. कट.”

कॅन्डिस आत आली तेव्हा मुआजने तिला सांगितलं, तिथे आता फक्त म्युझिक राहील. आपला निर्णय असल्यासारखंच सांगितलं, भला माणूस. कॅन्डिसने पर्समधून पेन्सिल काढली आणि आपल्या कागदावर चार ओळींवर रेघ मारली. तिने का म्हणून विचारलं नाही. हिलरी बोवर राळ घासत होता. राळ आधीच पुरेशी लागली होती, तरी तो घासत राहिला.

रात्री जेवताना मेरी म्हणाली, “तिचे तेवढेच चांगले डायलॉग होते ते कापले म्हणे. कोणी कापले?”

“मुआजने,” हिलरी म्हणाला.

“त्याला काय कळतं?”

कॅन्डिस ताटातल्या सुरमईचे काटे बाजूला काढत होती. हिलरीने भात कालवला आणि खाली मान घालून जेवला. आपण खोटं बोललो याची त्याला लाज वाटली, आणि तरीही पोटात कुठेतरी त्याला आनंद होत होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांनी ते एक पान आता पूर्णपणे त्याचं झालं होतं. पोरीला पुढे आयुष्य पडलंय, तिला शंभर जागा मिळतील, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

कार्यक्रम मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. गर्दी बरी होती. मिस्साहून थेट आलेले वसईकर, मुआजचे पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले भाऊबंद, हॉटेलचे काही लोक, शाळामास्तरणींचे विद्यार्थी. मेरी पुढून तिसऱ्या रांगेत. हिलरीने दुपारी दोन गोळ्या घेतल्या होत्या. खांदा दुखायचा थांबला नव्हता, जरा लांब गेल्यासारखा झाला होता.

वादळ झालं. रात्र झाली. गावकरी मशाली घेऊन आले. कॅन्डिसने ते सगळं नीट सांगितलं आणि फाईल मिटून ती स्टेजच्या कडेला उभी राहिली. मुआजने हिलरीकडे बघून मान हलवली.

हॉल गप्प होता. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. कप नव्हते, ताटं नव्हती, पिशवी फिरत नव्हती. हिलरीने बो टेकवला आणि पहिली ओळ वाजवली, आणि ती चांगली वाजली. खोटा विनय बाजूला ठेवून सांगायचं तर फार चांगली वाजली. मग कागदावर लिहिलेली शांतता आली. तालमीत तिथे कॅन्डिसचे शब्द आणि तिचं थांबणं असायचं. आता तिथे काहीच नव्हतं. त्याने दुसरी ओळ वाजवली. पुन्हा शांतता. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की हे वाजवणं सगळं उत्तर दिल्यासारखं आहे. कुणीतरी काही बोलायचं, मग व्हायोलाने त्याला हो म्हणायचं, धीर द्यायचा. इथे कुणी बोलतच नव्हतं आणि तो एकटाच हो, हो म्हणत होता.

शेवटची ओळ वाजली. इथे थांबायचं होतं, पुढे क्लॅरिनेट येणार होती. पण हिलरीची नजर सवयीने कॅन्डिसकडे गेली. ती ओठ मिटून उभी होती. आणि त्याच्या हाताने मागच्या दोन ओळी परत घेतल्या, अगदी हळू. लहानपणी ही पोर कॉयरमध्ये त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची. पप्पा असं वाजवतात ते कुणाची तरी वाट बघत असताना, हे तिला वाचता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. मग तिने हळूच मान हलवली. नाही पप्पा, माझं काही नाही आता.

हिलरी थांबला. मुआजने काठीने तेलकंपनीतल्या क्लॅरिनेटवाल्याला आत घेतलं, आणि पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं.

टाळ्या पडल्या. मुआजने हिलरीला एकट्याला उभं केलं, तेव्हा त्याच्यासाठी वेगळ्या पडल्या. ज्याची आयुष्यभर आस धरली होती ते झालं. तो वाकला, उजवा हात छातीशी धरून. आता घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बाहेर वसईच्या पापडी गावचा एक ओळखीचा गृहस्थ भेटला. त्याने हिलरीचा हात हातात घेतला. “छान झालं हां, तुस्कानो. पण मधे ती तुझी मुलगी अशी गप्प का उभी राहिली? विसरली काय? तुला बिचाऱ्याला परत परत वाजवून सांभाळावं लागलं.”

कॅन्डिस मागेच उभी होती. “हो अंकल,” ती म्हणाली, “विसरले.”

 हिलरी डाव्या हातानेच गाडी चालवत होता. मेरी मागे बसली होती, कॅन्डिस पुढे. सूर्य नुकताच बुडाला होता आणि रस्त्यावरचे दिवे लागत होते.

“त्या ओळी मुआजने नाही कापल्या,” हिलरी म्हणाला. “मी त्याला सांगितलं होतं, काढ म्हणून.”

“माहितीये,” कॅन्डिस म्हणाली. “मी बॉटल विसरली होती आत. घ्यायला आली तर तू बोलत होतास.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला हवं होतं ना, पप्पा.” तिने खिडकीबाहेर बघितलं. “तू कधी काय मागत नाही.”

 हिलरीला वाटलं मागून मेरी आता काहीतरी लागेल असं बोलेल, आणि तो तयार होता. ती बोलली नाही, हे जास्त लागलं. त्याला रडू आलं. साठीच्या माणसाला गाडी चालवताना येऊ नये तसं आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.

“म्हण ना त्या,” सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला.

“आता?”

“आता म्हण. मी वाजवतो. तोंडाने.”

कॅन्डिस जरा हसली आणि सरळ बसली. तिने पहिली ओळ इंग्रजीत म्हटली.

“मराठीत सांग,” मेरी मागून म्हणाली. “मला नाही तुमचं ते पुस्तकी इंग्लिश समजत.”

“मम्मी, मला मराठीत नाही येणार असं.”

“येईल तसं सांग.”

कॅन्डिसने डोळे मिटले. “पाणी,” ती म्हणाली, “तू त्याला ठेव.” मग ती थांबली. हिलरीने ती थांबू दिली. मग त्याने पहिली ओळ गुणगुणली. सिग्नल सुटला, गाडी पुढे निघाली.

“तो गेला. ते ओके. पण संध्याकाळी तो मला हाक मारायचा.” पुन्हा थांबली. हिलरीने दुसरी ओळ गुणगुणली.

“ती हाक मला परत दे.”

मेरी दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकली होती. तिचा हात हिलरीच्या दुखऱ्या खांद्यापाशी आला आणि तिथेच सीट धरून राहिला.

“अहो, तो एसी बंद करा ना,” ती म्हणाली. “नीट ऐकू येत नाही.”

हिलरीने एसी बंद केला. मे महिना होता, गाडी लगेच तापली. काच कुणीच खाली केली नाही.

“ती हाक,” कॅन्डिस म्हणाली, “तुला काय कामाची?”